विहिरीची एकादशी

बालाघाटाच्या डोंगरात, जिथं वर हातभर माती आणि खाली नुसता काळा पाषाण, अशा जागी पाथरडोह नावाचं गाव आहे. त्या गावी श्री केरोबा महाराजांचा मुक्काम होता तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या नावात डोह असला, तरी गावाला नदी नव्हती. एक ओढा होता, तो दिवाळीपर्यंत वाहायचा आणि मग आपला दगडगोटे दाखवीत पडून राहायचा. बाकी सगळा संसार विहिरींच्या जिवावर. इंजिनं तेव्हा कुणी पाहिली नव्हती. बैल जुंपायचे, चामड्याची मोट खाली सोडायची, बैलांनी उतारावरून धाव घ्यायची आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. त्या पाण्यावर गावाची ज्वारी, भाजी, गुरंढोरं आणि माणसं जगायची.

महाराज जातीचे धनगर. खांद्यावर एक घोंगडी, हातात चिपळ्या आणि ओठांवर नाम. मारुतीच्या देवळाच्या पडवीत राहायचे. त्यांची एक रीत होती. कुणीही पाणी दिलं, की ओंजळीनं प्यायचे आणि शेवटचा घोट जमिनीवर सोडायचे. एकदा कुणीतरी विचारलं, "महाराज, हे कसलं आचमन?" महाराज म्हणाले, "आचमन नाही रे बाबा. जिथून घेतलं तिथं थोडं ठेवावं. म्हणजे पुन्हा मागायला जायला तोंड राहतं."

एका एकादशीला कीर्तन ऐन रंगात आलं होतं. टाळ थांबवून महाराज म्हणाले, "अरे, आज आपण उपाशी. आज नांगरालासुद्धा सुटी. मग त्या विहिरीनंच काय पाप केलंय? ती बारा महिने, तेरा काळ पाजतेय. तिला एक दिवस तरी श्वास घेऊ द्याल की नाही? तिलाही एकादशी द्या."

संतांचा शब्द! त्या दिवसापासून पाथरडोहात रीत पडली. एकादशीला मोट जुंपायची नाही. माणसांना, गुरांना प्यायला लागतील तेवढ्या घागरी शेंदायच्या, बास. तिन्हीसांजेला विहिरीच्या काठावर पणती लावायची. द्वादशीला सकाळी पहिली घागर तुळशीला घालायची, मग आपलं पारणं. आणि भाविकहो, नवल असं की द्वादशीला वाकून पाहावं तर विहीर हातभर वर आलेली असायची. जणू तीच आपल्याकडे वाकून बघतेय!

गावाच्या वरच्या अंगाला माळ्यांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत ठकूबाई राहायची. एकटी विधवा, पोटी मूल नाही. सगळी वस्ती तिला ठकूआत्या म्हणायची. नवऱ्यानं, गेनूनं, आपल्या हातानं खणलेली एक लहानशी विहीर आणि तिच्याभोवती मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे, एवढीच तिची दौलत. पण त्या विहिरीवर सगळी वस्ती पाणी भरायची. गेनू जाताना म्हणाला होता, "ठके, विहिरीत पाणी आहे तोवर कुणाच्या दारात जाऊ नको." ते वाक्य तिनं पदराच्या गाठीसारखं जपलं होतं. कारण जायचं झालं असतं, तर दूर दिराच्या दारीच जावं लागलं असतं. आणि त्या दारी चुलीपुढे बसवलं, तरी ताटापुढे बसवतील याचा भरवसा नव्हता.

ठकूबाईनं महाराजांचा शब्द उचलला तो जिवाभावानं. एकादशी आली, की ती सकाळी विहिरीपाशी जायची आणि काठाला हात लावून म्हणायची, "आज तू नि मी, दोघी उपाशी. बोलत बसू."

तिच्या मळ्याच्या खालच्या अंगाला निंबाजीराव देशमुखांची बागायत होती. मोठी दगडी विहीर, तिच्यावर एकाच वेळी सहा मोटा चालायच्या. पाटातून पाणी धावायचं ते थेट उसाच्या फडात. माणूस काळजानं वाईट नव्हता. दारात आलेल्याला भाकरी मिळायची. पण मिशीला पीळ आणि बोलण्याला काटा. महाराजांची रीत ऐकून ते चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "विहिरीला उपास? वा! मग द्वादशीला तिला पारणं कसलं घालणार? पुरणपोळीचं का शिऱ्याचं? आणि तूप कुठून ओतायचं, वरून का खालून?" चावडी हसली होती. देशमुखांच्या मोटा एकादशीलाही करकरत राहिल्या.

पुढं पावसानं दगा दिला. एक साल अर्धं गेलं, दुसरं तर जवळजवळ कोरडंच. विहिरी खोल जाऊ लागल्या. देशमुखांनी वडारांची टोळी आणून आपली विहीर आणखी खणली. त्यांच्या विहिरीत पुन्हा पाणी खळाळलं, आणि त्याच आठवड्यात ठकूबाईच्या विहिरीची एक पायरी उघडी पडली. मग दुसरी. पाणी जसं उताराकडे पळावं तसं पळू लागलं.

ठकूबाई अडाणी होती, पण आपल्या विहिरीचा चेहरा ओळखत होती. पुढच्या एकादशीला ती देशमुखांच्या विहिरीवर, बैलांच्या धावेवर, जाऊन उभी राहिली. सहा मोटांचे बैल घामेजले होते.

"सरकार, आजचा दिवस मोटा सोडा की. आज एकादस आहे. माझी विहीर रोज उतरतीया."

निंबाजीराव लिंबाच्या सावलीत ऊस सोलत बसले होते. ते म्हणाले, "तुझ्या विहिरीला उपास घडतोय ना?"

"व्हय सरकार. तिला मी आज हातसुद्धा लावला न्हाई."

"मग ऐक ठके. तू तिकडं उपास धरतेस, ते वाचलेलं पाणी खालून खालून माझ्याकडं येतं. उपास तुझा आणि पुण्य माझ्या मोटेत! धर की अजून दोनचार उपास. एकादशीला का थांबतेस? शनिवार धर, सोमवार धर!"

मोटकरी मान खाली घालून हसले. एकजण म्हणाला, "आत्याबाईनं चतुर्थी धरली तर सरकारांचा खालचा फडबी भिजंल!"

ठकूबाईनं पाठ फिरवली. टोमणा तर टोचलाच. पण जास्त टोचलं ते हे, की टोमणा खरा होता. ती राखत होती आणि तो उपसत होता. तिच्या राखण्यानं त्याचाच उपसा वाढत होता.

ती तशीच देवळाच्या पडवीत आली आणि महाराजांसमोर मटकन बसली. पदर डोळ्यांना लावून तिनं सगळं सांगितलं. म्हणाली, "महाराज, मी येडी का? माझं राखल्यालं पाणी त्येच्या उसाला जातंय. मग मी राखू कशाला?"

महाराज म्हणाले, "ठकू, तुझ्या पाण्यानं त्याचा ऊस हिरवा झाला. यात तुझं काय गेलं?"

"माझं पाणी गेलं, महाराज!"

हे ऐकताच महाराज असे खदखदून हसले, की चिपळ्या हातातून खाली पडल्या. "खरं बोललीस गं माये! मी ब्रह्मज्ञान सांगायला निघालो होतो, आणि तू मला जमिनीवर आणलंस." मग डोळे पुसून, तिच्याजवळ सरकून, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "पाणी गेलं हे खरं. वाईट झालं, हेही खरं. पण एक कर. खालचं पाणी आटलं तरी वरचं आटू देऊ नको. वरचं म्हणजे तुझ्या मनातलं. ते तू सांभाळ, खालचं मी बघतो."

बघणार म्हणजे काय आणि कसं, हे तिनं विचारलं नाही. गुरूच्या शब्दाला साक्षी-पुरावा मागायचा नसतो. ती घरी आली आणि उपास तसाच चालू ठेवला.

पण परीक्षा व्हायची ती पुरी होते. चैत्र आला. ठकूबाईच्या विहिरीत तळाशी नुसता चिखल, आणि त्या चिखलात वाटीभर पाणी राहिलं. वस्तीतली माणसं गाडग्या-मडक्यांची गाठोडी बांधू लागली. दिराचा निरोप आला, 'मळा विकून टाक आणि ये. विहिरीसकट कुणी जे देईल ते घे.' ठकूबाईनं गेनूचं एक जुनं धोतर अंथरलं, त्यात दोन लुगडी, एक जेवायची पितळी आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ठेवून गाठ मारली. तिनं ठरवलं, एवढी एकादशी विहिरीपाशी करू आणि द्वादशीला निघू.

ती चैत्र वद्य एकादशी होती. सकाळी ठकूबाई नेहमीसारखी काठावर जाऊन बसली. शेजारची रखमा तिथून जाताना थांबली. तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती.

"कोरड्या हिरीला कसला उपास, आत्या? ती तर रोजच उपाशी."

"मग तर आज बसायलाच पायजे, रखमे. उपाशी माणसाला एकटं ठिवू न्हाई."

घागर खाली ठेवून रखमा क्षणभर शेजारी टेकली आणि मग उठून गेली.

इकडे निंबाजीरावांच्या विहिरीनंही आता तळ दाखवायला सुरुवात केली होती. सहापैकी दोनच मोटा कशाबशा चालत होत्या. ऊस पिवळा पडू लागला होता. देशमुखांनी वडारांना हुकूम दिला, तळाला सुरुंग लावा. वडारांचा नाईक म्हणाला, "आज एकादस हाय सरकार, उद्या लावू." देशमुखांनी डोळे वटारले. तळाच्या खडकाला भोकं पडली, त्यात दारू ठासली गेली.

एवढ्यात काय आश्चर्य! कुणी बोलावलं नसताना महाराज स्वतः बागायतीत आले. देशमुखांसमोर हात जोडून उभे राहिले. संतांनी हात जोडावे आणि तेही कुणापुढे!

"देशमुख, आज हिचा उपास आहे. आज हिच्या पोटात सुरुंग घालू नका."

"महाराज, तुमचं कीर्तन देवळात. ही माझी विहीर आहे."

"विहीर तुमची. पाणी?"

"माझ्या विहिरीतलं पाणी माझं नाही तर काय तुमच्या मारुतीचं?"

महाराज हसले. "मारुती काही मागत नाही हो, त्याला शेंदूर पुरतो. मी आपला सांगायला आलो. भांड्याचा तळ खरवडावा, पण फोडू नये."

देशमुखांनी तोंड फिरवलं आणि वडारांना खूण केली. वात पेटली. माणसं लांब पळाली. धाडकन आवाज झाला, धोंडे उडाले, धुराचा लोट वर आला. धूर ओसरल्यावर सगळे काठाशी धावले, तर तळाशी पाणी उसळत होतं! फेसाळ, तांबूस पाणी, बघता बघता हातभर वर आलं. देशमुखांनी मिशीवर ताव दिला. "बघा महाराज! उपाशी विहिरीला जेवायला घातलं तर कशी टवटवीत होते! अरे, हलगी वाजवा कुणीतरी!"

हलगीवर पहिली टिपरी पडली, आणि पाण्याच्या मधोमध एक भोवरा दिसू लागला.

आधी लहान, परातीएवढा. मग मोठा झाला. मग घळघळ, घळघळ असा आवाज येऊ लागला, जसा बूड गळालेल्या मडक्यातून येतो. हलगी थांबली. सगळं पाणी गरगरत एका भगदाडात शिरलं आणि दिसेनासं झालं. तळाचा खडक ओला चकचकीत उघडा पडला. चारी बाजूंच्या भेगांतून पाण्याच्या धारा येत होत्या आणि त्याही थेट त्या भगदाडात जात होत्या.

"पाणी पळालं!" वडारांचा नाईक ओरडला.

भाविकहो, झालं होतं ते असं. पाथरडोहच्या पोटात, काळ्या पाषाणाच्या खाली, तांबड्या घट्ट मातीचा एक थर होता. डोंगरावर पडलेलं पाणी मुरत मुरत खाली यायचं आणि त्या थरावर थांबायचं, परातीत दूध थांबावं तसं. गावातल्या साऱ्या विहिरी म्हणजे त्या एकाच परातीत बुडवलेल्या वाट्या. देशमुखांनी आपली वाटी खोल करता करता परातीचंच बूड फोडलं!

घटका गेली नाही तोच गावातून माणसं धावत आली. "गावआडाचं पाणी उतरतंय! गुरवाच्या विहिरीत घागर बुडंना!" बायका रडू लागल्या. देशमुखांनी धोंडे टाकायला लावले, उसाच्या पाचटाचे भारे टाकायला लावले. भगदाडानं सगळं गिळलं. कुणी ओरडलं, "आता ऊस खा म्हणावं! ऊसच प्या!" दोघातिघांनी बैल हाकायच्या पराण्या उचलल्या. निंबाजीराव धावेवर बसले ते बसलेच. ज्या मिशीवर आत्ताच ताव दिला होता, ती थरथरत होती.

आरडाओरडा ऐकून ठकूबाईही वरून आली होती. गर्दीच्या मागे उभी राहून तिनं ते भगदाड पाहिलं, बसलेले देशमुख पाहिले, आणि तिच्या मनात आलं, बरं झालं! किती गोड वाटलं ते क्षणभर. पण लगेच महाराजांचा शब्द आठवला. वरचं आटू देऊ नको. तिनं मान खाली घातली.

महाराजांनी पराण्या खाली ठेवायला लावल्या. मग ते शांतपणे पायऱ्या उतरून तळाशी गेले. खांद्यावरची घोंगडी काढली, भगदाडावर पसरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. खाली रोंरावणारं पोकळ अंधारं भगदाड, वर एक जुनी विरलेली घोंगडी आणि तिच्यावर केरोबा महाराज! वरून हाक आली, "महाराज, जाल आत!" महाराजांनी फक्त वर पाहिलं आणि विचारलं, "ठकू आहे का गं वर?"

"हाय महाराज."

"तुझ्या विहिरीच्या तळाची माती आण."

ठकूबाई काठाशी पुढं आली. "महाराज, त्यात आता चिखल नि वाटीभर पाणीच उरलंय."

"तोच चिखल. पाण्यासकट आण."

सगळ्यांना कळत होतं, हे काय मागणं आहे. तिच्या विहिरीतली शेवटची ओल, आणि ती कुणाच्या विहिरीसाठी? ज्यानं तिची थट्टा केली, तिचं पाणी नेलं, त्याच्यासाठी! ठकूबाईनं देशमुखांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघू शकले नाहीत. ती वळली आणि वरच्या वस्तीकडे चालू लागली.

स्वतःच्या विहिरीत ती पायरी पायरी उतरली. गेनूच्या टिकावाचे घाव भिंतीवर अजून होते. तळाशी बसून तिनं हातांनी चिखल पाटीत भरला. वाटीभर पाणी होतं, तेही त्यात आलं. पाटी भरल्यावर तळ कोरडा झाला. "येते गं," ती विहिरीला म्हणाली, "तुझं असंल तर येईल माघारी."

तिची पाटी महाराजांच्या हातात गेली. त्यांनी तो चिखल घोंगडीच्या कडेनं असा हळुवार लिंपला, जसं कुणी तान्ह्याचं अंग पुसावं. ते पाहिलं, आणि गावाचं काळीज हललं. रखमा धावली. गुरव धावला. हलगीवाला धावला. ज्याच्या त्याच्या विहिरीच्या तळाची माती पाट्या भरभरून येऊ लागली. महाराजांनी तळातूनच सूर लावला. चारी बाजूंच्या दगडी भिंतींत तो असा घुमला, की जणू विहीरच गात होती:

"तळीं एक पाणी । वरी आड चारी ।
केरा म्हणे हरी । तैसा जीवीं ॥"

वरच्यांनी धृपद उचललं. पाट्या आणि टाळ्या एका ठेक्यात चालू लागल्या. देशमुख तेवढे बाजूला उभे होते. त्यांना पाटी द्यायचं कुणाच्या मनात येईना. तेव्हा ठकूबाईनं आपली रिकामी पाटी त्यांच्यापुढे धरली.

"घ्या देशमुख. एवढी जड न्हाई."

निंबाजीरावांनी जोडे काढले. जन्मात पहिल्यांदा डोईवर पाटी घेतली. तिसऱ्या खेपेला त्यांचा फेटा सुटून चिखलात पडला, तो त्यांनी उचलला नाही. मातीतच तुडवून भगदाडाच्या कडेला बसवला. महाराज म्हणाले, "हां! हे बूच पक्कं बसलं!" आणि त्या तशा वेळीही लोक हसले.

तिन्हीसांजा झाल्या. घोंगडीभोवती मातीचा ओटा झाला होता. महाराजांनी हात वर केला तसे टाळ थांबले. सगळ्यांनी कान दिला. घळघळ थांबली होती. आता ओटा केवढा आणि खालचं विवर केवढं! पाचटाचे भारे ज्यानं गिळले, ते ठकूबाईच्या चिखलापुढं तोंड मिटून बसलं. संतांची घोंगडी ती, तिचे धागे मोजायला आपण कोण?

महाराजांनी कनवटीचा बुक्का काढला, गळ्यातल्या हारातल्या तुळशीच्या मंजिऱ्या काढल्या आणि ओट्यावर वाहिल्या. "आता सगळे वर जा. मी इथंच बसतो."

"महाराज, रातभर? एकटेच?"

"आज हिचा उपास आहे ना? उपाशी माणसाला एकटं ठेवू नये."

ठकूबाई दचकली. सकाळी आपल्या विहिरीच्या काठावर ती रखमाला बोलली होती, ते हेच शब्द! तिथं तर दुसरं कुणीच नव्हतं. की होतं?

गाव काठावर भजन करत बसलं. कुणाचा डोळा केव्हा लागला, ते कुणाला कळलं नाही. पूर्वेला तांबडं फुटलं, आणि वरच्या वस्तीतून रखमाची किंचाळी आली.

"आत्या! आत्याऽऽ! हिरीकडं ये! आधी ये!"

ठकूबाई धावत सुटली. काठाशी आली, वाकली, आणि तिथंच गुडघ्यांवर बसली. विहीर भरली होती. पायऱ्या बुडवून, गेनूच्या टिकावाचे घाव झाकून, निवळशंख पाणी वर आलं होतं. आणि त्या पाण्यावर बुक्क्याची काळी रेघ तरंगत होती आणि तिच्यात तुळशीच्या मंजिऱ्या. काल देशमुखांच्या विहिरीत, सगळ्यांदेखत महाराजांनी वाहिल्या होत्या त्याच!

कुठली विहीर आणि कुठल्या मंजिऱ्या! मधे सारा मळा, मधे पाषाण, आणि तरी त्या आल्या. ठकूबाईला रडू येईना आणि हसूही येईना. तिनं नुसता हात पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. "आलीस," ती म्हणाली. "आलीस माझे बाई." छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसा तिला मोकळा श्वास लागला. कितीतरी दिवसांत तो तसा लागला नव्हता.

तिकडे खालच्या विहिरीवर गाव ओरडत होतं. गावआड चढला होता, गुरवाची विहीर चढली होती. आणि देशमुखांच्या विहिरीत महाराज छातीइतक्या पाण्यात मांडी घालून बसले होते. चेहरा प्रसन्न.

"अरे, कुणी वर काढता का? हिचा उपास सुटायला आला, माझा कधी सुटायचा?"

दोर सोडण्याआधीच निंबाजीरावांनी पाण्यात उडी घेतली. महाराजांना खांद्यावर घेऊन ते पायऱ्या चढून वर आले आणि त्यांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी सगळ्या गावाला बुडवलं होतं."

"बुडवायला पाणी कुठं शिल्लक ठेवलं होतंत?" महाराज म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. "माझ्या पाया पडू नका, ते भिजलेत. चला, ठकूकडे पारण्याला जायचंय."

सगळं गाव ठकूबाईच्या विहिरीवर आलं. तिनं पहिली घागर शेंदली, थोडं पाणी तुळशीला घातलं आणि घागर महाराजांपुढे आणली. महाराजांनी देशमुखांकडे बोट केलं.

"देशमुख, तुम्ही चावडीवर विचारलं होतं, विहिरीला पारणं कसलं घालणार. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. माणूस जेवून उपास सोडतो. विहीर पाजून सोडते. धरा ओंजळ. ठकू, सोड हिचा उपास."

देशमुखांनी ओंजळ धरली. ठकूबाईनं धार धरली. ते प्यायले, डोळ्यांतलं आणि घागरीतलं एक करून प्यायले. आणि कुणी सांगितलं नसताना शेवटचा घोट त्यांनी जमिनीवर सोडला. महाराज ते बघत होते. मग निंबाजीरावांनी, उघड्या डोक्याच्या त्या देशमुखांनी, विहिरीच्या काठावर कपाळ टेकलं, आणि तसंच वळून ठकूबाईच्या पायांवर ठेवलं.

"आई, तुझं पाणी मी नेलं."

ठकूबाई गडबडून मागे सरली. "उठा, उठा देशमुख. आपलंच हाय ते. घरात सोन्यासारखं पारणं करून ठिवते, आधी गाठोडं तेवढं सोडू द्या. पितळी त्यातच बांधलीया."

गाव हसलं, रडलं, आणि पुन्हा हसलं.

त्या साली देशमुखांनी निम्मा ऊस मोडून ज्वारी केली. सहाच्या जागी दोन मोटा ठेवल्या, आणि एकादशीला पहिली पणती त्यांच्याच काठावर लागू लागली. घोंगडी तळाशीच राहिली. थंडीत कुणी नवी आणून दिली, तर महाराज म्हणायचे, "नको रे. माझी पांघरलेली आहे की, तिकडे."

ज्यांनी आपली घोंगडी जमिनीच्या जखमेवर घातली, त्या केरोबा महाराजांची कृपा तुमच्या आमच्या आडावर, आणि आडाहून खोल असलेल्या मनावर, अशीच पांघरलेली राहो. बोला, श्री केरोबा महाराज की जय!